ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांचे जोड: गंज चढू नये, तापू नयेत म्हणून काय करायचं

मे महिना होता, दुपारचे दोन. नागपूरच्या सेंट्रल अव्हेन्यूवर टेलिफोन एक्सचेंज चौकाच्या अलीकडे गाडी झटके देत थांबली. मागे चार सवारी बसलेल्या. "काहून थांबली भाऊ?" म्हणेपर्यंत प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. सीट उचलली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅटरीमधल्या केबलचा बोल्ट तिरपा होऊन शिशात रुतला होता आणि टर्मिनलभोवतीचं झाकण आक्रसून सुरकुतलं होतं.

मेकॅनिकने पाहिलं आणि सांगितलं, सेट गेला, नवीन टाका. चार बॅटऱ्या टाकल्या. सात महिन्यांनी तेच झालं, त्याच जागी. तेव्हा शेजारच्या गल्लीत इन्व्हर्टरचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी मीटर लावून दाखवलं की बॅटऱ्या चांगल्या होत्या, जोड खराब होता. पहिल्या वेळेलाही बहुतेक तोच खराब होता, कारण नवीन बॅटऱ्यांवर जुन्याच केबल चढवल्या होत्या. नवीन गाडी घेणाऱ्या कोणाचे असे पैसे जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितो आहे.

हा लेख फक्त लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडून ४८ व्होल्ट केलेल्या ई-रिक्षांसाठी आहे. लिथियमबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

आधी एक हिशेब

चार बॅटऱ्यांच्या मध्ये तीन लिंक केबल. एक मुख्य प्लस, एक मुख्य मायनस. म्हणजे केबलची टोकं आठ जागी टर्मिनलवर बसतात आणि त्या आठही जागी केबल लगमध्ये दाबलेली असते. लग म्हणजे ज्याला दुकानात थिंबल म्हणतात ते. एकूण सोळा जागी धातू धातूला टेकतो. बॅटऱ्या एका माळेत असल्यामुळे मोटरचा सगळा करंट या सोळाही जागांतून जातो. त्यातली एक जागा बिघडली तरी पूर्ण गाडी लंगडते.

माझ्या त्या जोडाचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, १५ मिलिओहम निघाला. ऐकायला काहीच नाही. पण ४० अँपिअर करंट त्यातून गेला की २४ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीची छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. ती तासन् तास शिशाच्या टर्मिनलला टेकवून ठेवली तर काय होईल? चढावर किंवा गाडी उचलताना करंट ६० अँपिअरला गेला की तीच उष्णता ५४ वॅट होते, कारण करंट दीडपट झाला तर उष्णता सव्वादोन पट होते. शिसं ३२७ अंशाला वितळतं, पण त्याच्या खूप आधी ते मऊ पडतं, बोल्ट ढिला होतो, ढिला झाला की रोध आणखी वाढतो. गाडी एका दुपारीत बसते ती अशी.

काय काय लागेल

हे सामान इतवारी बाजारात हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकच्या दुकानांत मिळतं. एकदाच घ्या, वर्षानुवर्षं पुरतं.

- डिजिटल मल्टीमीटर, ज्यात २०० मिलिव्होल्टची रेंज आहे असाच. सोबत मगरचिमटे लावलेल्या दोन वायर.
- बोल्टच्या मापाचे दोन पाने. टोक सोडून पूर्ण दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.
- तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश.
- खाण्याचा सोडा, साधं पाणी, डिस्टिल्ड वॉटर, सुती फडकी.
- टिन केलेले, म्हणजे कथलाचा मुलामा दिलेले, तांब्याचे लग, तांब्याची बारीक तारांची लवचिक केबल, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केली की आक्रसून घट्ट बसते ती).
- टर्मिनल ग्रीस किंवा टर्मिनलचा स्प्रे.
- रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल. उन्हाचा नाही, बाजूने बंद असलेला.
- हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं यंत्र विकत घ्यायची गरज नाही. पॅनेल बोर्ड बनवणाऱ्याकडे असतं, तो लग दाबून देतो.

कागदांपैकी बॅटरीचं वॉरंटी कार्ड, बिल आणि बॅटरीसोबत आलेलं पत्रक जवळ ठेवा. पत्रकात बोल्ट किती घट्ट करायचा आणि पाण्याची पातळी किती ठेवायची ते असतं. काम सुरू करण्याआधी चारही बॅटऱ्यांच्या सिरियल नंबरसकट फोटो काढा. टर्मिनल वितळलेली बॅटरी परत नेली की पहिला प्रश्न येतो, जोडणी कोणी केली. तेव्हा तारखेचे फोटो कामाला येतात.

१. गाडी आधी मेलेली करा

चार्जर काढा. चार्जिंग संपून निदान तासभर होऊ द्या, सीट उघडी ठेवून. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला की एक ठिणगी पुरते.

किल्ली काढून खिशात, एमसीबी, म्हणजे मुख्य खटका, खाली. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन, सगळं काढून ठेवा. मग मुख्य मायनस केबल सोडा आणि तिचं टोक फडक्यात गुंडाळून बाजूला करा. त्यानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅटरीमधली लिंक काढा. असं केलं की माळ मधोमध तुटते आणि हाताखाली ४८ ऐवजी २४ व्होल्टचे दोन अलग तुकडे राहतात. ही युक्ती मला काकांनी शिकवली आणि मी ती कधीच सोडत नाही.

सगळ्यात मोठा सापळा पाना आहे. तो एका टर्मिनलवरून घसरून दुसऱ्यावर पडला तर तिथेच चिकटून लाल होतो. म्हणून ती टेप.

ॲसिड डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि मगच दवाखान्यात निघा. आधी पाणी.

२. पुसण्याआधी रंग पाहा

हे कोणी सांगत नाही, आणि मला वाटतं अर्धं निदान इथेच होतं.

पांढरी, खडूसारखी पावडर असेल तर ॲसिडची वाफ शिशावर बसली आहे. ती लेड सल्फेट. जोड साफ करून बहुतेक वेळा काम भागतं.

निळसर हिरवं काही फुललं असेल तर थांबा. काटोल-नरखेडकडच्या लोकांना हा रंग ओळखीचा आहे. संत्र्याच्या खोडाला बोर्डो हे बुरशीनाशक लावतात त्यातला मोरचूद. हा तोच मोरचूद, कॉपर सल्फेट, फक्त इथे तो तुमच्या केबलच्या तांब्यातून तयार झाला आहे. म्हणजे ॲसिड तांबं खात आहे. असा लग वरून घासून पुन्हा लावण्यात अर्थ नाही. केबलचं कव्हर दोन इंच सोलून पाहा. तारा काळ्या दिसल्या तर ॲसिड कव्हरच्या आतून वर चढलं आहे. तांबूस, चकचकीत तार लागेपर्यंत कापत जा. लांबी उरली नाही तर केबल बदला.

तपकिरी गंज म्हणजे बोल्ट किंवा वॉशर लोखंडी आहे आणि त्याचा मुलामा गेला आहे. बोल्ट स्वस्त असतो, नवाच टाका.

पावडर एकाच टर्मिनलवर वारंवार येते का तेही बघा. तसं असेल तर त्या बॅटरीत टर्मिनलच्या बुडाशी सील फुटलं असेल. सगळ्याच बॅटऱ्यांवर येत असेल तर पाणी जास्त भरलं जातंय किंवा चार्जर गरजेपेक्षा जास्त चढवतोय. आपल्याकडे बरेच जण चार्जिंगच्या आधी काठोकाठ पाणी भरतात. चार्ज होताना द्रव फुगतो आणि झाकणाच्या भोकातून बाहेर येतो. पाणी चार्जिंगनंतर भरा, खुणेपर्यंतच. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेवढीच सूट, तेव्हा आधी प्लेटा बुडतील इतकंच घाला.

३. साफ करणं

सगळी झाकणं घट्ट आहेत हे बोटाने फिरवून तपासा. सोड्याचं पाणी आत गेलं तर आतलं ॲसिडच मरतं.

कपभर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा. टूथब्रशने थोडं थोडं लावा. फसफसेल. फसफसणं थांबेपर्यंत लावत राहा, मग साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने दोनदा पुसा आणि कोरडं करा. बॅटरीचा वरचा भागही पुसायचा, कारण ॲसिडची ओली धूळ टर्मिनल ते टर्मिनल पसरली तर बारीक करंट तिथूनच गळत राहतो.

काही जण टर्मिनलवर उकळतं पाणी ओततात. पावडर निघून जाते खरी, पण ॲसिड मरत नाही, ते वाहून खालच्या लोखंडी ट्रेमध्ये जातं आणि महिन्याभरात ट्रे सडायला लागतो.

कोरडं झालं की टर्मिनलची टेकणारी बाजू तारेच्या ब्रशने हलकी घासा. शिसं नवीन असताना चांदीसारखं करडं चमकतं, तो रंग दिसला की थांबा. जास्त घासलं तर सपाट बाजू गोल होते आणि लग फक्त कडेवर टेकतो. निघालेली धूळ शिशाची असते. फुंकर मारू नका, ओल्या फडक्याने उचला आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. डबा खाण्याआधी तर नक्कीच.

४. केबल आणि लग

माझ्या गाडीला आता २५ स्क्वेअर एमएमची केबल आहे. कंपनीकडून १६ ची आली होती, ती चूक नव्हती, पण नागपूरच्या उन्हात सीटखाली जो भट्टीसारखा ताप असतो त्यात थोडी जाड केबल बरी. दुकानात "पंचवीस-आठचं टिन केलेलं तांब्याचं थिंबल" असं मागा. पंचवीस केबलचं माप, आठ बोल्टचं. तुमचा बोल्ट मोजून जा. आठच्या बोल्टला दहाच्या भोकाचा लग दिला तर टेकायची जागा कमी होते.

ॲल्युमिनियमचे लग स्वस्त असतात आणि दिसायला अगदी तसेच असतात. दुकानातच कडेला खिळ्याने ओरखडा काढा. खाली तांबूस रंग दिसला तर टिन केलेलं तांबं. पांढराच राहिला तर परत द्या. ॲल्युमिनियम तांब्याशी आणि ॲसिडशी एकत्र फार लवकर सडतं.

लग दाबणं म्हणजे क्रिम्पिंग हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. छिन्नी-हातोड्याने ठोकलेला लग वरून घट्ट दिसतो, पण आत अर्ध्या तारा मोकळ्या असतात. माझा खराब निघालेला जोड असाच होता. हायड्रॉलिक यंत्राने, केबलच्या मापाच्या साच्यातच दाबून घ्या. लगमध्ये जात नाहीत म्हणून केबलच्या चार-सहा तारा कापणारे असतात, त्यांना तिथेच थांबवा आणि योग्य मापाचा लग आणा.

पहिल्यांदा करून घेताना एक लग जास्त दाबून घ्या आणि हॅक्सॉने मधोमध कापून बघा. चांगला क्रिम्प कापल्यावर आत तारा वेगवेगळ्या दिसतच नाहीत, तांब्याची एकच भरीव टिकली दिसते. काळी भोकं दिसली तर साचा चुकला आहे. वीस-पंचवीस रुपयांचा लग वाया जातो, पण उरलेल्या आठांची खात्री होते.

डाख लावू नका. डाख तारांमधून वर चढतो आणि जिथे संपतो तिथे केबल ताठ होते, आणि सिमेंट रोडच्या सांध्यांवर दिवसभर हादरे खाऊन नेमकी तिथेच तुटते. शिवाय जोड तापला तर डाख शिशाच्याही आधी पातळ होतो.

शेवटी गोंदवाली हीट श्रिंक लगच्या नळीपासून केबलच्या कव्हरवर इंचभर येईल अशी चढवा. गरम केल्यावर कडेतून गोंदाची बारीक रेघ बाहेर आली पाहिजे. ॲसिड आत चढण्याचा रस्ता तिथे बंद होतो.

५. बसवणं

क्रम एकच आहे. टर्मिनल, त्यावर थेट लग, त्यावर साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट किंवा बोल्टचं डोकं.

लग आणि टर्मिनलच्या मध्ये काहीही येता कामा नये. मी इतरांच्या गाड्या पाहतो तेव्हा ही चूक सगळ्यात जास्त दिसते, लगच्या खाली वॉशर. स्टेनलेस स्टील तांब्यापेक्षा साधारण चाळीस पट वाईट वाहक आहे. ते वर दाब द्यायला उत्तम, पण करंटच्या वाटेत आलं की अडथळा. एकाच टर्मिनलवर दोन लग असतील, उदाहरणार्थ मुख्य केबल आणि चार्जरची वायर, तर जाड केबलचा लग खाली.

घट्ट किती करायचं? पत्रकातला आकडा आणि टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लावला ते दाखवणारा पाना, असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर आखूड पाना घ्या, स्प्रिंग वॉशर सपाट होईपर्यंत फिरवा आणि थांबा. शिसं मऊ असतं. जोर लावला की ते बोल्टखाली सरकतं, त्या क्षणी घट्ट वाटतं आणि आठवड्यात ढिलं होतं. नीट केलेला जोडही पहिल्या आठवड्यात थोडा बसतो, म्हणून आठ दिवसांनी एकदा पुन्हा तपासायचा.

लिंक केबल ताणून लावू नका, तिला थोडी कमान ठेवा. बॅटऱ्या ट्रेमध्ये हलत असतील तर आधी पट्ट्याने आवळा आणि मध्ये रबर घाला. हलणाऱ्या बॅटरीचा सगळा धक्का टर्मिनलच्या बुडावर येतो आणि सील तिथून फुटतं.

मुख्य मायनस सगळ्यात शेवटी जोडा. त्याआधी चारही बॅटऱ्यांचे प्लस-मायनस फोटोशी ताडून पाहा आणि दोन्ही मुख्य केबलच्या जागी मीटरने ४८ ते ५१ च्या आसपास व्होल्ट येतात का पाहा. २४ आले तर एक बॅटरी उलटी आहे. तसंच जोडलं तर नुकसान कुठपर्यंत जाईल ते सांगता येत नाही.

६. लेप, घट्ट केल्यानंतर

ग्रीस आधी की नंतर यावर मेकॅनिक लोक भांडतात. माझं मत, नंतर. ग्रीस करंट वाहत नाही. त्याचं काम फक्त हवा, पाणी आणि ॲसिडची वाफ बाहेर ठेवण्याचं आहे. घाणेरड्या जोडावर ग्रीस चोपडून काही सुधारत नाही, उलट घाण झाकली जाते.

व्हॅसलीन थंड गावात चालत असेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पार जातो, सीटखाली त्याहून जास्त, तिथे व्हॅसलीन पातळ होऊन ओघळते. टर्मिनल ग्रीस घ्या आणि लग, वॉशर, बोल्टचं डोकं, टर्मिनलचं बूड, सगळं झाकेल असा पातळ थर द्या. वरून रबरी टोपी बसवा. इन्सुलेशन टेप मात्र गुंडाळू नका, ती ओल आत धरून ठेवते.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि शहरात पाणी शिरलं, तेव्हा माझी गाडी रात्रभर ट्रेच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी उतरल्यावर आठही जोड उघडले. लेप नीट असलेले सात आतून कोरडे आणि चमकदार होते. आठव्याची टोपी हरवलेली होती, त्याच्यावर चार दिवसांत हिरवं दिसायला लागलं.

७. मोजा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका

सगळ्यात महत्त्वाचं हेच. मीटर लावल्याशिवाय जोड झाला असं मी म्हणत नाही.

मल्टीमीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे का ते दोनदा बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि चिमटे चुकून बॅटरीच्या दोन टोकांना लागले तर सरळ शॉर्ट होतो. काकांच्या दुकानात असं काळं झालेलं एक मीटर भिंतीवर टांगलेलं आहे.

सोपी वेळ म्हणजे चार्जिंग सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास. तेव्हा चार्जर एकसारखा करंट देतो, माझा १२ अँपिअर देतो, आणि बॅटऱ्या अजून वायू सोडायला लागलेल्या नसतात. सीट उघडी, जागा मोकळी. चिमटे चार्जर बंद असताना लावा आणि मग चार्जर सुरू करा.

एक चिमटा पहिल्या बॅटरीच्या टर्मिनलच्या शिशावर, दुसरा पुढच्या बॅटरीच्या टर्मिनलच्या शिशावर. लगवर नाही, शिशावर, नाहीतर जोड मापातून सुटतो. रेंज २०० मिलिव्होल्ट. १२ अँपिअरला पूर्ण लिंकवर १५ मिलिव्होल्टच्या आत आलं तर मी खूश असतो. ३० च्या वर गेलं तर उघडतो. माझा जळालेला जोड १८० दाखवत होता, आणि वरून तो स्वच्छ दिसत होता!

आकडा जास्त आला तर तुकडे करून मोजा. शिसं ते लग, मग एका लगची नळी ते दुसऱ्या लगची नळी, मग दुसऱ्या टोकाचं लग ते शिसं. केबलच्या तारांना टेकायला कव्हरमधून टाचणी घालू नका, ते भोक पुढे ॲसिडची वाट बनतं. दोन्ही टोकांच्या लगच्या नळ्यांमध्ये माप घ्या आणि बाकीच्या दोन लिंकशी तुलना करा. शिसं ते लग जास्त असेल तर साफसफाई किंवा घट्टपणा कमी पडला. नळी ते नळी जास्त असेल तर क्रिम्प किंवा केबल.

तीन लिंक आणि दोन मुख्य केबलच्या टोकांचे आकडे वहीत तारखेसह लिहा. मी दर दोन महिन्यांनी मोजतो, पावसाळ्यात दर महिन्याला. १० वरून १४, १४ वरून १९ अशी चढण दिसली की जोड अजून थंड असतानाच कळतं.

रोजची नजर दोन मिनिटांची आहे. दिवसाच्या शेवटी, किल्ली काढून, सीट उचला. वास घ्या, रंग बघा, हाताचा मागचा भाग जोडाजवळ नेऊन ऊब पाहा, टेकवू नका. सगळे सारखे कोमट असतील तर ठीक. एकच जास्त ऊब देत असेल तर सकाळी गाडी काढायच्या आधी तो उघडा.

लिथियम असेल तर

आता बरेच जण लिथियमचा पॅक बसवत आहेत. तिथे तुमचं काम पॅकच्या बाहेरच्या मुख्य केबल आणि कनेक्टरपर्यंतच. क्रिम्पिंग, हीट श्रिंक आणि मिलिव्होल्टचं माप तिथेही तसंच लागू पडतं. पॅकचं झाकण उघडून आतल्या पट्ट्या कसू नका. त्यात कितीही किल्ली काढली आणि एमसीबी पाडला तरी सेल जिवंतच असतात, आणि लेड-ॲसिडपेक्षा खूप जास्त करंट एका क्षणात सोडू शकतात. बाहेरचा जोड ठीक मोजला आणि तरी गाडी दम सोडत असेल, तर वहीतले आकडे घेऊन पॅक जिथून घेतला तिथेच जा.